गुणवंताच्या रोलरचं चालान

लिहायची मला सवय नाही. पण गुणवंताबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून हे.

रामाकोन्याचा गुणवंता एका सरकारी खात्याचा रोड रोलर चालवतो. खात्याचं नाव लिहीत नाही. रोलरचा सायलेन्सर सहा वर्षांपूर्वी गळून पडला. तेव्हापासून नुसती नळी आहे. बॅटरी अशी की इंजिन एकदा बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही. खात्यानं तर ठरवूनच टाकलं होतं : रोलर बंद पडला की भंगारात विकायचा आणि रोजंदारीवरच्या गुणवंताला घरी बसवायचं.

तेवढ्यात सौंसरच्या ठाण्यातून निरोप आला. पोलिसांनी पोरांच्या बुलेटांचे कर्कश सायलेन्सर जप्त केले होते, छत्तीस. ते लोकांसमोर रोलरखाली चिरडायचे होते. गुणवंतानं सकाळी कसंबसं इंजिन सुरू केलं ते बंद केलंच नाही.

ठाणेदारांनी माइक घेतला. "ध्वनिप्रदूषण" एवढंच ऐकू आलं.

"अरे, बंद करो इसको!" ठाणेदार रोलरकडे हात करून ओरडले.

गुणवंतानं कानाला हात लावला. "काय म्हणून राहिले साहेब?"

"बंद कर म्हणते ना बे!" हवालदार भिवाजी खालून ओरडला.

"हो हो, घेतो पुढं!" म्हणत त्यानं रोलर सरळ सायलेन्सरांवर घातला.

दंड भरलेला कुलदीप गर्दीतून म्हणाला, "काका, तुमच्या गाडीचा आवाज तं आमच्यापेक्षा भारी हाय. कोणाकडून बसवला?"

लोक हसले. ठाणेदार हसले नाहीत. छत्तीस सायलेन्सरांचे पापड झाल्यावर त्यांनी चालान-बुक मागवलं, बुलेटांना लावलेलंच कलम रोलरला लावलं आणि तो ठाण्याच्या आवारात जप्त केला. तिथं इंजिन बंद झालं, ते पुन्हा सुरू होईना. गुणवंता त्या दिवशी जेवला नाही.

खात्यानं लगेच लिलाव काढला. तेव्हा खात्यातल्या बाबूला कळलं की प्रकरण कोर्टात आहे. निकाल लागेपर्यंत मुद्देमाल विकता येत नाही. उलट तो चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी खात्यावर आली. नवी बॅटरी मंजूर झाली. आता गुणवंता रोज दहाच्या बसनं सौंसरला जातो आणि ठाण्याच्या आवारात अर्धा तास रोलर चालू ठेवतो. ठाणेदार खिडक्या लावून घेतात.

परवा चौथी तारीख पडली. खात्याचे वकील म्हणाले, "गुन्हा कबूल केला तर आजच मिटेल."

"कायले घाई करता साहेब?" गुणवंता म्हणाला. "आरामात चालू द्या."