खुशबूच्या वाट्याची झालर

शेवंताबाईंना राग आला की त्या शब्द देऊन बसतात. इतरांना रागात शिव्या सुचतात, यांना वचनं सुचतात. अंबाल्याच्या छावणीत शेजारीण म्हणाली, की तुमची पुरणपोळी म्हणजे आमचा गोड पराठाच, तर बाईंनी तिथल्या तिथे चाळीस माणसं जेवायला बोलावली. जबलपूरला शाळेच्या बसवाल्याशी भांडताना 'नको तुमची बस, मीच नेईन पोरांना' असं बोलून गेल्या आणि महिनाभर अकरा पोरांची पलटण रोज पायी शाळेत पोचवली. त्यांचे यजमान सुभेदार शहाजीराव घाडगे सव्वीस वर्षं फौजेत काढून निवृत्त झाले, पण बायको रागाने तोंड उघडते तेव्हा अजून ते सावधानमध्ये उभे राहतात. कारण शब्द ती देते आणि निम्मी ड्यूटी यांच्या गळ्यात पडते.

मुलगा महेश फरीदाबादच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून निवृत्तीनंतर दोघं त्याच्याकडेच राहिली. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, शहाजीराव वर्तमानपत्रात. शेवंताबाईंना दुपार खायला उठायची. अशात त्यांना रेवती भेटली. ही दिल्लीच्या द्वारकेत वाढलेली मराठी मुलगी एका संस्थेत काम करायची. कॉलनीच्या भिंतीपलीकडच्या गल्लीतली मुलं कामातून सोडवून शाळेत घालायची, असा तिचा कार्यक्रम होता.

"काकू, तुम्ही बिल्कुल परफेक्ट आहात," रेवती म्हणाली. "आवाज आहे तुम्हाला, यार!"

काकूंना आयुष्यात कुणी यार म्हटलं नव्हतं. त्या लगेच तयार झाल्या.

भिंतीपलीकडच्या गल्लीत घरोघरी पोत्यांनी रबरी वॉशर यायचे. साच्यातून काढलेल्या वॉशरच्या कडेला पापुद्र्यासारखं पातळ रबर लोंबत राहतं. ते छोट्या कात्रीने गोल कापून टाकायचं, एवढंच काम. गल्लीत त्या पापुद्र्याला झालर म्हणत. ठेकेदाराचा माणूस दुपारी पोतं टाकून जायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तपासून उचलायचा. आई कापायची, आजी कापायची, आणि सगळ्यांत भरभर कापायच्या त्या आठ ते बारा वर्षांच्या मुली, कारण त्यांची बोटं बारीक.

सुरुवातीला रेवतीने जनजागृती फेरी काढली. शेवंताबाई पुढे, मागे तीस मुलं, हातात फलक, 'बच्चों से काम मत करवाओ!' गल्लीतल्या सगळ्या आयांनी दारात उभं राहून माना डोलावल्या. माना डोलावताना कुणाचीही कात्री थांबली नाही. फेरी संपल्यावर मुलांनी समोसे खाल्ले, फलक भिंतीला टेकवले आणि घरी जाऊन झालर कापायला बसली. पथनाट्य झालं तेही सगळ्यांना आवडलं. त्यातल्या दुष्ट ठेकेदाराचं काम ठेकेदाराच्याच माणसाने केलं, कारण मिशा त्याच्याकडेच होत्या.

देवळामागच्या खोलीत दुपारी तीन ते पाच वर्ग सुरू झाला. रेवती शिकवायची, शेवंताबाई मुलांना दटावून बसवायच्या. पंधरा मुलं यायची. यायची नाही ती खुशबू. अकरा वर्षांची, गल्लीतली सगळ्यांत वेगवान कात्री. मार्चमध्ये सरकारी शाळेच्या मोठ्या मॅडम वर्गात येऊन मुलांकडून वाचून घेणार होत्या. जिला पान वाचता येईल ती आपल्या वयाच्या मुलींत बसेल, नाही आलं तर एकदम छोट्यांत. आणि एवढी मोठी मुलगी छोट्यांत बसली की लाजून आठवड्याभरात घरी परत येते, हे रेवतीने चारपाचदा पाहिलं होतं.

शेवंताबाई खुशबूच्या आईला, पार्वतीला, समजवायला गेल्या. शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, मुलीचं भविष्य सांगितलं. पार्वतीने सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि साधा प्रश्न विचारला.

"आप ले जाओ न दीदी, मैं कब मना करती हूँ? पर इसके हिस्से का काम कौन करेगा?"

असल्या साध्या प्रश्नांचा शेवंताबाईंना राग येतो, आणि राग आला की काय होतं ते आपण पाहिलंच आहे.

"मैं करूँगी!" त्या कडाडल्या. "मार्च तक इसकी झालर मेरी!"

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा शहाजीरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढला आणि कपाळाला हात लावला. "अगं, तुला येतं का ते?"

"गवार निवडते की मी. त्यात काय येवढं?"

दुसऱ्या दिवसापासून खुशबू वर्गात पहिल्या रांगेत आणि शेवंताबाई त्याच खोलीच्या दाराशी चटईवर, पुढ्यात खुशबूच्या वाट्याची थैली. दोन तास त्यांनी पदर खोचून गवार निवडली. पुढच्या दुपारी ठेकेदाराच्या माणसाने मूठभर वॉशर उजेडात धरून पाहिले. कुठे झालर राहिलेली, कुठे कात्री वॉशरच्याच अंगात घुसलेली. पार्वतीच्या घरचं सगळं पोतं त्याने नापास केलं आणि दोन दिवस त्या घरात माल टाकला नाही.

पार्वती भांडायला आली नाही, ओरडलीही नाही. फक्त तिसऱ्या दिवशी माल आल्यावर खुशबू वर्गात आली नाही. शेवंताबाईंना हे शंभर शिव्यांपेक्षा लागलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शब्द खाली पडला होता, आणि पडला तोही एका पोरीच्या पाटीवर. त्या रात्री त्या नीट जेवल्याही नाहीत. सकाळी उठून तडक पार्वतीच्या दारात गेल्या आणि खुशबूसमोर मांडी घालून बसल्या.

"सिखा मेरे को."

खुशबूने आईकडे पाहिलं. मग ती शिकवायला लागली आणि शेवंताबाईंना कळलं, की वर्गात आपण मुलांवर कशा खेकसतो. कारण पोरीने त्यांचा सूर जसाच्या तसा उचलला होता.

"कैंची नहीं घुमानी, आंटी! वॉशर घुमाना है! कितनी बार बोलूँ? ध्यान किधर है आपका?"

बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. शहाजीराव आधी लांबून पाहत होते. मग एकदा त्यांनी तयार माल हातात घेतला आणि फौजेतला सुभेदार त्यांच्यात जागा झाला. डोळ्यात तेल घालून ते तपासायला लागले. पास झालेले वॉशर दहाच्या ओळीत, नापास झालेले बाजूला. "हा परत. हाही परत." बायकोची चूक अधिकृतपणे काढायची संधी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली होती आणि ते ती सोडणार नव्हते. दहा दिवसांनी माल पास झाला. अकराव्या दिवशी खुशबू पुन्हा पहिल्या रांगेत येऊन बसली.

पण आता नवीच पंचाईत झाली. पोरीचं शरीर वर्गात आणि डोळे दाराशी. रेवती फळ्यावर लिहायची, आणि खुशबू मान वळवून ओरडायची, "आंटी, नीचे रह गई झालर!" वाचता वाचता ओळ अर्धी सोडायची. "आंटी, वो वाला फिर से!" तिचंही खरंच होतं. पोतं परत आलं तर चूल तिच्या घरची थंड पडणार होती, शेवंताबाईंची नाही. रेवतीने बाईंना बाहेर बसवून पाहिलं, तर खुशबू पाणी प्यायच्या निमित्ताने दर पाच मिनिटांनी बाहेर यायला लागली. शेवटी बाई परत दाराशी आल्या.

तेवढ्यात आणखी चार आया आपापल्या मुली आणि थैल्या घेऊन आल्या. पार्वतीच्या मुलीची झालर कापता, मग आमच्या मुलींची का नाही? शेवंताबाईंना राग आला आणि शहाजीरावांनी डोळे मिटले.

संक्रांत झाली होती. फरीदाबाद-दिल्लीतल्या दहाबारा मराठी बायकांना घाडग्यांच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं. दोघीजणी तर पार द्वारकेहून मेट्रो बदलत आल्या. तिळगूळ झाला, अत्तर झालं, आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात एकेक नवी कोरी कात्री पडली.

"अगंबाई, वाणात कात्री?" वृंदावहिनींनी नाक मुरडलं. "भांडणं होतात घरात!"

"तुमच्या घरात कात्रीवाचून कुठे राहिलीत?" असं म्हणत शेवंताबाईंनी चादर अंथरली आणि मधोमध वॉशरचा ढीग ओतला. मग कुणीतरी म्हणालं, आधी नाव तरी घ्या. शेवंताबाईंनी क्षणभरही विचार केला नाही:

"रबरी वॉशरची गोल कापली झालर,
शहाजीरावांच्या शर्टाची अजून ताठ आहे कॉलर!"

हशा पिकला आणि कात्र्या चालू झाल्या. नंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या बायका यायला लागल्या. गल्लीतल्या आयाही आपलं काम घेऊन तिथेच बसू लागल्या. महिन्याभरात सगळ्या जणींनी एकजुटीने ठेकेदाराच्या माणसाला ऐकवलं, की माल एका दिवसात मिळणार नाही, दोन दिवस लागतील. एकटी पार्वती हे बोलली असती तर माल दुसऱ्या घरी गेला असता. सगळ्याच बोलल्यावर त्याने मिशा चोळल्या आणि मान्य केलं.

"काकू, हे सगळं अच्छा आहे," रेवती काळजीने म्हणाली, "पण सस्टेनेबल नाहीये. तुम्ही कायम त्यांची झालर कापणार का? आणि मी रिपोर्टमध्ये काय लिहू? त्यात फेरी, पोस्टर, पथनाट्य आणि 'इतर', एवढेच कॉलम आहेत."

"कायमचं माहीत नाही. मार्चचा शब्द दिलाय," शेवंताबाई म्हणाल्या. रेवतीने 'इतर' या कॉलममध्ये 'कात्री' असं लिहिलं.

मार्चमध्ये मोठ्या मॅडम आल्या. शेवंताबाई नेहमीच्या जागी, कारण त्या नसल्या तर खुशबूचं लक्ष आणखीच उडालं असतं. शेजारी शहाजीराव इस्त्रीच्या शर्टात. एकेक मूल उठून वाचत होतं. खुशबूचं नाव पुकारलं गेलं आणि शेवंताबाईंनी थैलीतून नवा वॉशर उचलला.

खुशबू वाचू लागली. एक ओळ झाली, दुसरी झाली. चौथ्या ओळीशी ती अडखळली आणि तिची नजर सवयीने दाराकडे वळली. नेमकी त्याच क्षणी शेवंताबाईंची कात्री सटकली आणि वॉशर सरळ अर्धा कापला गेला. चिमुरडीलाही जमणार नाही असली घोडचूक. बाईंनी तो झटकन मांडीखाली सारला. आता ओरडेल. आता पुस्तक ठेवेल आणि ओरडेल, 'आंटी!'

खुशबू परत पुस्तकाकडे वळली. अडलेला शब्द तिने अक्षर अक्षर लावून काढला आणि पानाच्या शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचत गेली. मॅडम 'बस, शाबाश' म्हणाल्या तरी थांबेना.

"मैडम, अगला पन्ना भी पढ़ूँ?"

मॅडमनी तिच्या नावापुढे पाचवी असं लिहिलं. शेवंताबाई आनंदाने रडायला लागल्या आणि शहाजीरावांनी त्यांना आपला रुमाल दिला, जो त्यांनी परेडलाही कधी वापरला नव्हता.

वर्ग सुटल्यावर खुशबू दाराशी आली, वाकली आणि शेवंताबाईंच्या मांडीखालून तो अर्धा वॉशर बरोबर ओढून काढला.

"अगं, तुला दिसला होता?" बाई भांबावून मराठीतच बोलून गेल्या. मग म्हणाल्या, "देखा था, तो चिल्लाई क्यों नहीं?"

"पढ़ रही थी न, आंटी," खुशबू म्हणाली. तिने वॉशर नापास मालाच्या ढिगात टाकला आणि दप्तर घेऊन घरी गेली.