दोन बोटांना गुंडाळलेला ठेका

रोज सकाळी कॉफीच्या आधी ऑर्विल स्टॅम्प्स उजव्या हाताच्या दोन बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळायचा. टोक दातानं तोडायचा. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला, त्याच्याहून उंच बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं जाड तारांचं वाद्य, जवळ ओढून तासभर वाजवायचा आणि कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचा. त्याची बायको लोरीन मक्याचा पाव भाजता भाजता ऐकायची.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, त्यांच्या गावी शनिवारी कंट्री गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा. तिथे ड्रमला मनाई होती. ड्रम म्हणजे गुत्त्यातलं वाद्य. ऑर्विलचा धाकटा भाऊ डेल्बर्ट गायचा आणि त्याला तर पाय थिरकवणारा ठेका हवा होता. मग ऑर्विल बासची तार ओढून त्याच्याच लाकडावर आपटू लागला, वर पंजाचा फटका. पहिल्याच शनिवारी व्यवस्थापक प्रुइटसाहेब तावातावानं पडद्यामागे शिरले.

"ड्रम कुठे लपवलाय रे?"

"हा काय!" ऑर्विलनं रक्ताळलेली बोटं पुढे केली. "घ्या, जप्त करा."

लोक पोट धरून हसले. सोमवारी लोरीननं चिकटपट्टी आणली.

त्या ठेक्यावरच्या गाण्यांना पुढे लोक रॉक अँड रोल म्हणू लागले. डेल्बर्टची रेकॉर्ड निघाली, मोठ्या शहरांतून बोलावणी आली. निघायच्या आदल्या दिवशी तो ओसरीवर आला.

"दादा, तिकडे खरा ड्रम असणार. बासही विजेचा."

"बरं."

"त्या गोंगाटात तू ऐकूच येणार नाहीस रे."

"मग जोरात वाजवीन."

डेल्बर्ट हातातली टोपी गोल फिरवत राहिला. "पुढच्या खेपेला बोलावतो. नक्की."

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. लोरीन एकदा म्हणाली, "तो काही बोलावत नाही. त्या बोटांना आता विसावा दे."

"घट्टे गेले की पुन्हा धरायला महिना जातो. त्यानं ऐन वेळी बोलावलं तर?"

रेडिओवर डेल्बर्टचं गाणं लागलं, की ड्रमवाला हुबेहूब ऑर्विलचा ठेका धरायचा. "चांगलं वाजवतं पोरगं," ऑर्विल म्हणायचा आणि टेबलावरचा हात मांडीवर घ्यायचा. लोरीन मग त्याच्याकडे पाठ करून भांडी घासायची.

ऑक्टोबरात जिनिंगवर छातीत कळ आली आणि तो गेला. डेल्बर्ट मातीला आला. शवपेटीतल्या हाताला चिकटपट्टी तशीच होती. लोरीननं ती काढू दिली नव्हती.

"अजून वाजवायचा?"

"रोज."

"वहिनी, जाताना काही म्हणाला का... माझ्याबद्दल?"

लोरीनला खोटं बोलता आलं असतं. पण त्या शेवटच्या सकाळी कामावर निघताना दारातून ऑर्विल जे बोलला होता, तेवढंच तिनं सांगितलं.

"पट्टी संपत आलीय गं. आणशील तेव्हा रुंद आण, अरुंद सुटते."