भागामावशीने घासलेली फरशी

नागापूरला फरशी बसवायच्या कामावर मला भागामावशी भेटली. टेम्पोतून उतरलेली प्रत्येक शहाबादी फरशी ती उभी धरायची, बोटाच्या पेराने वाजवायची आणि कान लावायची. खणखणली तर गवंड्याकडे. बद्द वाजली तर बाजूला. आत चीर असते, डोळ्यांना दिसत नाही.

तिचं लहानपण शहाबादकडच्या खाणीवर गेलेलं, मग लग्न होऊन ती राहुरीकडे आली. भाकरी खाताना ती फुटक्या फरशीची कड दाखवायची. वहीच्या पानांसारखे थर असत. "ह्यो आदी गाळ हुता, पोरी. पान्याखाली थरावर थर बसत गेला, वरचं वझं खालच्यानं सोसलं, तवा दगूड झाला. म्हनून तर छन्नी लावली की सपाट निघतो."

एकदा नव्या बंगल्यात फरशीवर सिमेंटचे डाग राहिले. मी आधी टाइल्सच्या कामावर होते, तिथे डाग ॲसिडने जात. कुणाला न विचारता मी इथेही ओतलं. फरशी फसफसली आणि हॉलच्या मधोमध पांढरी, खरखरीत झाली.

मुकादम म्हणाला, "रविवारी मालक येनार. तवर नीट झाली न्हाई तर सोमवारपासून घरी बस." माझ्या हजेरीवरच घर चालत होतं.

"अगं येडे, ही चुन्याच्या जातीची," मावशी म्हणाली. "ह्योच दगूड भट्टीत भाजला की चुना हुतो. लिंबू सांडलं तरी डाग धरती, अन् तू ॲसिड पाजलंस व्हय?" मग स्वतःच पॉलिशचा दगड घेऊन गुडघ्यांवर बसली. तीन दिवस आम्ही दोघी पाणी टाकून घासत होतो. मी थांबले की म्हणायची, "घास. वरचं गेलं की खाली चांगलंच हाय."

रविवारी मालकाने अनवाणी फिरून पाहिलं, मान हलवली. माझं काम टिकलं. पण मावशीला उठता येईना. मी आणि गवंड्याने धरून तिला उभं केलं, ते मुकादमाने पाहिलं. सोमवारी त्याने तिला कामावर घेतलं नाही.

माझ्या चुकीपायी तिचे गुडघे गेले, हे त्याला सांगायला हवं होतं. मला चारचौघांत बोलवत नाही. खाली मान घालून फरश्या उचलत राहिले. संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले आणि रडू लागले.

"तुला ठिवलं ना? मंग रडतीस कशाला?" ती म्हणाली. "माजं तसंबी किती दिस हुतं?"

आता ती देवळाली प्रवरेला लेकीकडे असते. दर सुट्टीला मी तिच्याकडे जायचं ठरवते, पण अंग इतकं दुखतं की पडून राहते. खरं कारण ते नाही. "मुकादमाला तू काय म्हनलीस?" असं तिने कधीच विचारलं नाही. मी समोर गेले आणि तिने विचारलं तर?