मागं न बघणारी बाई

चित्रकलेचा डिप्लोमा करत होते तेव्हा सरांनी पडद्यावर इंग्लंडमधलं एक जुनं चित्र दाखवलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. पोटासाठी देश सोडून निघालेले नवरा-बायको बोटीत बसलेत. बाईच्या टोपीची गुलाबी फीत वाऱ्यावर उडतेय, बोटीच्या कडेला दोरीनं कोबीचे गड्डे टांगलेत आणि मागं त्यांच्या देशाचे पांढरे कडे दूर चाललेत. दोघांपैकी कुणीही मान वळवलेली नाही. सर रंगांबद्दल बोलत होते. मला मात्र त्या बाईचा राग आला, आणि तो का आला हे मला चांगलं ठाऊक होतं.

आमचं गाव पाथर्डीकडचं, कोरडवाहू. दसरा झाला की आई-वडील ऊस तोडायला श्रीरामपूरच्या बाजूला जायचे. आम्हा पोरांनाही न्यायचे. पाचवीत गेले तेव्हा शाळा बुडू नये म्हणून मला गावातच मावशीकडे ठेवलं. ट्रक निघाला तशी मी हाका मारत वेशीपर्यंत पळाले. आई धाकट्या भावाला पदराखाली घेऊन पुढं तोंड करून बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही. पुढं उन्हाळ्यात परत आल्यावर तिनं मला पोटाशी धरलं, पण तो विषय आमच्यात कधी निघाला नाही.

आता मी अकोल्यात शिकवते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आई माझ्याकडेच असते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वर्गात दाखवायची चित्रं मोबाईलवर निवडत होते, तेव्हा ती शेजारी येऊन बसली. नेमकं तेच चित्र समोर होतं. ही माणसं गाव सोडून चाललीत, एवढंच मी सांगितलं.

"कोबी बांधून नेत्यात व्हय," ती हसली. आपण कांदे आणि बाजरीचं पीठ कसं न्यायचो, ते सांगत बसली. मी चित्र मोठं करून शालीत झाकलेल्या बाळाचा हात तिला दाखवला. आईच्या मुठीत धरलेला, एवढासा.

"आन मोठं लेकरू?" तिनं विचारलं.

ते चित्रात नाही, मी म्हटलं.

"तुझ्या हाका ऐकू येत हुत्या मला," ती म्हणाली. "वळून बघितलं असतं तर तुला उचलून ट्रकात घेतलं असतं. मग शाळा संपलीच हुती."

मुक्काम येईपर्यंत भावाचा हात तिनं सोडला नव्हता, हेही तिनं सांगितलं.

मग ही माणसं माघारी आली का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, की सोनं शोधायला ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मित्राला निरोप दिल्यावर चित्रकाराला हे सुचलं. चित्रातली माणसं म्हणजे तो स्वतः आणि त्याची बायको. तोही तेव्हा हलाखीत होता, हिंदुस्थानात जावं म्हणत होता.

"हिकडं?" आईला नवल वाटलं. "हिकडं येऊन काय केलं असतं त्यानं?"

तो आला नाही, मी म्हटलं. आणि मित्रही काही वर्षांत घरी परतला.

"बरं झालं," आई म्हणाली, आणि पदरानं चष्मा पुसू लागली. मी मोबाईल बाजूला ठेवला आणि तिच्या मांडीवर डोकं टेकलं.