वरचा चतकोर

२०२३ साल. मी सत्तर वर्षांचा होतो आणि वजन ब्याण्णव किलो. डावा गुडघा पार गेलेला. वाफ्यात मेथी उपटायला बसलो की दोघांनी बगलेत हात घालून उठवायचं. ही लाज मी आयुष्यात कधी सोसली नव्हती. डॉक्टर म्हणाले, आधी दहा किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बघू.

सून शाळेत गणित शिकवते. मी तिसरीतून पळालेला. तिने माझं वय, उंची, वजन कागदावर मांडलं.

"आबा, दिवसभर काम किती?"

"ढोरमेहनत."

"खरं सांगा."

"पंचवटीत खोक्यावर बसून भाजी विकतो. झालं समाधान?"

तिचा हिशेब असा, की माझं शरीर दिवसाला साधारण एकोणीसशे कॅलरी जाळतं. त्यातल्या पाचशे कमी करून चौदाशेच खायच्या. तीन वेळा एकेक भाकरी, भाजी, वरण, थोडं दूध. मी शब्द दिला आणि पाळला. बाजारात समोर गरम भजी तळत होते, तिकडे मान वळवली नाही.

दीड महिन्यात वजन हललं नाही.

"हा अंदाजच असतो आबा, पण इतका नाय चुकायचा," सून म्हणाली. आत काहीतरी वाईट वाढतंय, असं माझ्या मनाने घेतलं होतं. घरात बोललो नाही.

एका रविवारी ती बाजारात आली. एका बाईंना मी किलोभर वांगी तोलली आणि सवयीने वर दोन टाकली. मग डबा उघडला. भाकरीवर नेहमीचा चतकोर, त्यावर तेलातली शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा.

"हे काय, आबा?"

"वरचं."

"वरचं म्हणजे?"

"तुझी सासू वाढते. पन्नास वर्षं वाढतेय. वरचं कोणी मोजतं का?"

"तिन्ही वेळा?"

"मग? एका वेळी वाढून दुसऱ्या वेळी नाय कसं वाढेल?"

ती खोक्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला राग आला. मग तिने बोटांवर मोजून दाखवलं. चतकोर, तेल, दाणे, गूळ, तीन वेळचे मिळून जवळजवळ पाचशे. जेवढ्या कमी केल्या, तेवढ्याच वरून परत.

"म्हणजे मला काय झालं नाय?"

"काय व्हायचंय तुम्हाला!"

त्या दुपारी मी मोठ्याने गिऱ्हाइकं हाकारली. शेजारचा म्हणाला, "म्हातारबा, आज लय जोरात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने ताटात भाकरी ठेवली, वर चतकोर ठेवला. मी चतकोर काढून ठेवला नाही, तिचा मान आहे तो. खालच्या भाकरीचा तेवढाच तुकडा मोडून टोपल्यात परत टाकला, चटणी अर्धी काढली, गूळ तिच्या हातावर ठेवला आणि जेवायला बसलो.