खुर्ची घट्ट बसली की ने

माझ्या सासऱ्यांनी बसवलेली वस्तू कधी निघून आली नाही. एकदाच आली, आणि ती निघावी म्हणूनच त्यांनी बसवली होती.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आम्ही भारतातून आलेले मराठी ज्यू, इस्रायलच्या वाळवंटातल्या येरुहाममध्ये राहत होतो. माझा नवरा मिलुईमला, म्हणजे राखीव सैन्याच्या दरवर्षीच्या हजेरीला गेला आणि जीप उलटून मेला. लढाई नाही, गोळी नाही. वाळूवर जीप घसरली आणि तो बाहेर फेकला गेला. मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती. मी सासू-सासऱ्यांच्याच बिऱ्हाडात राहिले, कारण मी दुसरीकडे राहू शकते हे कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. दवाखान्यात नर्सचं काम करायचे. घरी आले की मुलगी सासऱ्यांच्या मांडीवर असायची आणि सासू म्हणायची, आत्ता कुठे झोपतेय, हात नको लावूस.

मग मुलगी दोनेक वर्षांची झाली तेव्हा हैफाला एक जागा निघाली. घरोघर जाऊन बाळंतिणींना आणि तान्ह्या मुलांना तपासायचं काम होतं. अट एवढीच की नर्सकडे स्वतःची गाडी हवी. माझा भाऊ हैफाच्या बंदरात कामाला होता, त्याच्या शेजारी दोन खोल्या मिळत होत्या. नवऱ्याची जुनी गाडी इमारतीखाली उन्हात उभी होती, आणि लायसन्स त्यानेच मागे लागून मला काढायला लावलं होतं. मुलीला सकाळी गाडीत घालायचं, पाळणाघरात सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. मनातल्या मनात मी तिथे राहायलासुद्धा लागले.

सासूने सगळं ऐकून घेतलं. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही.

"जा की गो. तुला कोण अडवतंय? पोर राहू दे."

"आई, पोर माझी आहे."

"तुझी तर हायच. पण आमच्या पोराची तेवढीच निशाणी. तू जवान हायस, उद्या दुसरा घर करशील. मंग ही कोणाच्या दारात?"

पीठ संपलंय, हे सांगावं तशा आवाजात ती हे बोलली. तिला माझा राग नव्हता. मी तिच्या हिशेबातच नव्हते, मग राग कशाचा येणार?

सासऱ्यांची रीत निराळी. मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य गेलं होतं, इथे फॅक्टरीत यंत्रं दुरुस्त करायचे. आवाज कधी चढवला नाही. शनिवारी प्रार्थनेहून परतलेले चार शेजारी बसले होते, त्यांच्यासमोर ते मला म्हणाले, "पुढे तू गाडी हाकणार, मागे पोर एकटी. ब्रेक मारलास की ती कुठे जाईल? काचेवर. विलायतेला पोरांच्या खुर्च्या मिळतात, गाडीला बोल्टने बसवायच्या. तसली आण. मी फिट करतो. खुर्ची घट्ट बसली की ने पोरीला. माझा शब्द हाय."

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. किती समजूतदार सासरा, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. मलाही तसंच वाटलं. सासऱ्यांना मात्र वाटलं असणार, ही कुठली आणते विलायती खुर्ची.

भावाने आणली. बंदरातल्या माणसाला काय मिळत नाही! एका जहाजावरच्या ओळखीच्या खलाशाने इंग्लंडहून खोकं आणलं. आत तपकिरी रेक्झिनची खुर्ची, तिचे पट्टे, नट-बोल्ट, आणि तळहाताएवढे चार पोलादी पत्रे. मी खोकं उघडलं तेव्हा सासऱ्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. पत्रे तर दोनदा पाहिले. "चांगला माल हाय," म्हणाले, आणि खोकं स्वतःच्या खाटेखाली सरकवलं.

त्यानंतर खुर्ची बसेना. एका आठवड्यात ड्रिल बोथट होतं, दुसऱ्यात अंग दुखत होतं, तिसऱ्यात बोल्टचा आटा बरोबर नव्हता. हैफावाले विचारत होते, येताय की नाही. मी सासऱ्यांच्या मागे मागे चहा घेऊन फिरत होते. गरजवंताला अक्कल नसते. शेवटी मी म्हणाले, मी गाडी जवळच्या बेरशेबा शहरातल्या गॅरेजात नेते. त्याच संध्याकाळी त्यांनी गाडीची मागची गादी काढली, ड्रिल चालवलं आणि खुर्ची बसवून टाकली. मला जवळ येऊ दिलं नाही. "फिटरच्या कामात बाईमाणसाची सावली नको," म्हणाले. मी हसले. तेवढा खुळेपणा चालतो, खुर्ची बसली ना!

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. फॅक्टरी लवकर सुटलेली, इमारतीतली माणसं खाली सावलीत बसलेली. सासरे बाजारातून एक मोठं कलिंगड घेऊन आले.

"टेस्ट करू या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पोरीच्या वजनाचंच हाय, काट्यावर बघून आणलंय."

कलिंगड त्यांनी उशीच्या अभ्र्यात घातलं, खुर्चीत ठेवलं, पट्टे आवळले. मग वर गेले आणि मुलीची पांढरी सुती टोपी घेऊन आले. ती त्या कलिंगडाला घातली. लोक हसले. मीही हसले असेन. मुलगी माझ्या कडेवर होती, आपली टोपी कलिंगडाला बघून ती टाळ्या पिटायला लागली.

इमारतीमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी गाडी पार टोकाला नेली, वळवली, आणि आमच्या दिशेने जोरात आणली. आमच्यापाशी येऊन करकचून ब्रेक मारला. आतून मोठा आवाज झाला. खुर्ची पट्ट्या-बोल्टांसकट उपटून पुढच्या दोन सीटांच्या मधून गेली होती, आणि पुढच्या काचेवर लाल गर होता. टोपी सासऱ्यांच्या खांद्यावर येऊन पडली होती. ती त्यांनी शांतपणे उचलली, झटकली.

"अवातियाख!" माझी मुलगी ओरडली. हिब्रूत कलिंगडाला तेच म्हणतात. तिला फार गंमत वाटली.

मी तिला इतकं आवळलं की ती रडायला लागली. सासू परात घेऊन खाली आली आणि बरे बरे तुकडे गोळा करू लागली, फुकट कशाला घालवायचं म्हणून. सासऱ्यांनी चाकूने फोडी केल्या, शेजाऱ्यांना वाटल्या, आणि एक माझ्यापुढे धरली.

"खा," ते म्हणाले. "खा आणि सांग, न्यायची का पोरीला?"

मी ती फोड खाल्ली. का खाल्ली ते मला आजही सांगता येणार नाही. सगळे बघत होते. गोड होती.

शनिवारी तारे दिसून शब्बाथ संपल्यावर सासूने मलिदा केला. आमच्यात नवस फेडायचा असला की एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावाने मलिदा करतात, भिजवलेले पोहे, साखर, खोबरं आणि वरून फळं. शेजारचे पुरुष आले, प्रार्थना झाली. मी विचारलं, नवस कसला? सासू म्हणाली, होता एक. मी सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं, मलिदा खाल्ला, आणि आत जाऊन ठरवून टाकलं की हैफाला नकार कळवायचा. मुलीला ठेवून मी जाणार नव्हते, आणि नेऊन मारणारही नव्हते. तिसरा रस्ता मला दिसत नव्हता.

रविवारी दवाखान्यातून आले तर गाडीला मुंग्या लागल्या होत्या. कलिंगडाचं पाणी गादीखाली गेलं होतं, म्हणून मी बादली-फडकं घेऊन गादी उचलली. खालच्या तळाला चार भोकं होती, कडा फाटलेल्या. आमची गाडी इथेच बनलेली, कवच काय नि तळ काय, सगळं फायबरचं. उंट चघळून जाईल, असं लोक तिला चिडवायचे. उपटलेल्या खुर्चीच्या एका बोल्टला अजून वायसर होता, जाकिटाच्या बटणाएवढा. पोलादी पत्रा कुठेच नव्हता. मी वाकून गाडीखाली पाहिलं, तिथेही नव्हता. मग त्या तळहाताएवढ्या पत्र्यांचं काम काय, ते माझ्या डोक्यात आलं. फायबरला नुसता बोल्ट घातला तर तो हिसक्यासरशी तळ फाडून निघणार. खालून पत्रा असला की सगळा जोर पत्र्यावर पसरतो. हे मला मुंग्या पुसताना कळलं. ज्यांचा जन्म वर्कशॉपमध्ये गेला त्यांना कळलं नव्हतं?

मी वर जाऊन त्यांची हत्यारांची पेटी उघडली. पत्रे तळाशी होते, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले. गंज लागू नये म्हणून.

सासू दारात उभी होती. मला वाटलं आता सारवासारव करेल. तिने केली नाही.

"नव्हते घातले त्यानी," ती म्हणाली. "मला ठाऊक होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर पोर गेली असती. नवससुद्धा त्यापायीच होता. पोर राहू दे, मलिदा करीन."

म्हणजे माझा आणि मुलीचा रस्ता बंद झाला म्हणून देवाचे आभार मानले गेले होते, आणि मी त्या आभारांना आमेन म्हटलं होतं. मी काही फेकलं नाही, ओरडले नाही. जेवणाच्या टेबलावर ते चार पत्रे ओळीने मांडले आणि सासरे फॅक्टरीतून येईपर्यंत समोर बसून राहिले.

त्यांनी ते पाहिले, डबा खाली ठेवला, आणि समोरची खुर्ची ओढली. ओशाळले वगैरे नाहीत.

"एक पोरगा रस्त्याला दिला," ते म्हणाले. "ही नाय देणार."

"म्हणून मला खोटं दाखवलंत?"

"खोटं काय त्यात? घट्ट नसली की हेच होतं. तेच दाखवलं."

जीप उलटली तेव्हा माझ्या नवऱ्याच्या सीटला पट्टा होता. त्याने तो लावला नव्हता. सैन्याचा माणूस निरोप घेऊन आला तेव्हा हे सांगून गेला होता, आणि घरात ते पुन्हा कुणी तोंडावर आणलं नव्हतं. नवऱ्याला पट्टा लावायची सवय नव्हती, कारण माझे सासरे पट्ट्याला हसायचे. पट्टा बायकांनी लावावा म्हणायचे, मर्दाला धरायला हात दिलेत. हे माझ्या लग्नात, माझ्यासमोर, चारचौघांत म्हणाले होते.

"तुमचा मुलगा रस्त्याने नाही नेला," मी म्हणाले. "तो सुटा बसला होता. सुटं बसायला तुम्ही शिकवलंत."

सासू "गप ग" म्हणाली. मी गप्प बसणार नव्हते. ते वाक्य मी आजही मागे घेणार नाही. ते खरं होतं, आणि त्या वेळी माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

त्यांचं तोंड पांढरं पडलं. ते उठले, पेटी उचलली, पत्रे उचलले आणि जिना उतरून गेले. बाहेर अजून उजेड होता. मी पाठोपाठ गेले.

पत्रे घालून करायचं तर हे काम एका माणसाचं नव्हतंच. वरून बोल्टाचं डोकं धरायला एक लागतो आणि खालून नट आवळायला दुसरा. ते गाडीखाली आडवे झाले, मी आत गुडघ्यावर बसून पाना धरला. फाटलेली भोकं सोडून त्यांनी नवी पाडली. "धर," ते खालून म्हणायचे. "हलू नको." "सोड." याखेरीज आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. चारही बोल्ट झाल्यावर ते बाहेर निघाले, हात पुसू लागले.

"बाजूला व्हा," मी म्हणाले.

मी दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांतच जमिनीवर आडवी झाले आणि खाली जाऊन एकेका पत्र्यावर बोट फिरवलं, एकेका नटाला पाना लावून पाहिला. इमारतीतली माणसं गॅलरीतून बघत होती. सून सासऱ्याचं काम तपासते आहे, तेही जमिनीवर लोळून. चाळीस वर्षं हत्यार धरलेल्या माणसाचा याहून मोठा अपमान मला सुचला नसता. ते तो सोसत उभे राहिले. एकही नट हलला नाही.

त्याच आठवड्यात मी निघाले. सासू खाली उतरली नाही. गॅलरीत वाळत घातलेले कपडे पुन्हा पुन्हा सारखे करत राहिली. मी सामान भरलं, मुलीला खुर्चीत बसवून पट्टे लावले. तिला एवढं बांधून घ्यायची सवय नव्हती. गाडीत ती नेहमी आजोबांच्या मांडीवर बसायची. ती रडून हिब्रूत आजोबांना हाका मारू लागली, "सबा! सबा!" आजोबा जिन्यापाशी उभे होते, फॅक्टरीच्या कपड्यांत. त्यांना ऐकू येत होतं. मी गाडी चालू केली.

तेव्हा ते आले. मागच्या खिडकीतून आत वाकले. मला वाटलं, पापा घेतील. तिलाही तसंच वाटलं, तिने दोन्ही हात वर केले. त्यांनी तिच्या खांद्यावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं घातली, सैलपणा पाहिला, आणि पट्टा खसकन ओढून आवळला. दुसरा पण. ती कळवळून किंचाळली.

"सैल होता," ते मला म्हणाले. "अशी नेणार होतीस?"

खरंच सैल होता. तो मी बांधला होता.

त्यांचा हात अजून पट्ट्यावर होता. मुलीने त्यावर चापट मारली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि रडत ओरडली, "सबा रा!" आजोबा वाईट. त्याच वर्षीच्या थंडीत ते वारले. मधल्या काळात मी तिला येरुहामला नेलं नाही, त्यामुळे ती त्यांच्याशी बोलली ते हे शेवटचं. येरुहाममध्ये इतकी वर्षं काढून त्यांना हिब्रू फारशी कधी आली नाही, पण एवढं कळत होतं.