डाव्या कोपऱ्यातला नकाशा

"हा गेम बनवणाऱ्याने स्वतः कधी खेळून पाहिलाय का?" असं म्हणून ताई हातातला छोटा कन्सोल डब्याच्या झाकणावर पालथा ठेवायच्या. पालथा ठेवला म्हणजे त्या गेमचा निकाल लागला. मग पोळीचा तुकडा मोडत त्या निकालाची कारणं सांगायला घ्यायच्या. ऐकायला बहुतेक मी एकटीच असायचे. बाकीच्यांनी ताईंच्या टेबलापासून लांब बसून जेवायची सवय लावून घेतली होती.

आमचा छापखाना साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत आहे. औषधांची खोकी छापतो आम्ही. मी कॉम्प्युटरवर खोक्याचं डिझाइन लावते आणि ताई त्याचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, तपासायच्या. त्यांची सही झाल्याशिवाय कुठलंही काम मशीनवर जात नसे. पन्नाशी ओलांडलेली, जाड वेणीची, सुती साडी चापूनचोपून नेसलेली बाई जेवणाच्या सुट्टीत दोन्ही अंगठे चालवत कन्सोलवर वाघाला पळवतेय, हे पाहून तुम्हीही माझ्यासारखंच दोनदा वळून पाहिलं असतं.

हा नाद त्यांना भाच्यामुळे लागला. भाच्याला पुण्यात नोकरी लागली, तेव्हा त्याने टीव्हीला जोडायचा आपला जुना कन्सोल मावशीच्या घाटकोपरच्या घरी आणून टाकला. "धूळ पुसता पुसता चालू झाला," एवढंच ताई सांगायच्या. वर्षभरात त्यांनी स्वतःच्या बोनसमधून हातात धरायचा छोटा कन्सोलही घेतला. ऑफिसात कोणी हसलं तर त्या म्हणायच्या, "तुम्ही क्रिकेट बघता तेव्हा मी हसते का?"

गेमविषयीची त्यांची मतं सरळ आणि कडू असायची. शेती करायचा एक गेम होता. त्यावर त्या म्हणाल्या, "दिवसभर इथे राबा आणि घरी जाऊन पुन्हा टोमॅटोला पाणी घाला. हा आराम झाला का?" मासे पकडायच्या गेमवर म्हणाल्या, "गळ टाकून बसायचं आणि मासा लागला की बटण दाबायचं. वर्सोव्याच्या कोळणींना दाखवला तर त्या फेकून देतील." एका गेममध्ये वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस आपली जन्मकहाणी सांगत असे. ताई वैतागून त्या पात्राला म्हणायच्या, "चावी दे आणि जा ना, बाबा." सुरुवातीच्या सूचना त्या कधीच वाचत नसत. मग कुठेतरी अडकल्या की दोष बनवणाऱ्याचा. जो गेम त्यांना मनापासून आवडायचा, त्याला त्या "बरा आहे" म्हणायच्या. त्याच्या पुढची पायरी त्यांच्याकडे नव्हती.

कोल्ह्याच्या पिल्लाचा एक गेम होता. जंगल ओलांडून पिल्लाला आईपर्यंत पोचवायचं. तो त्यांना आवडायला हवा होता, पण चिडचिड सुरू झाली ती त्याच्यापासूनच. "एवढं मोठं जंगल आणि एक नकाशा द्यायला यांना जड झालं," त्या म्हणाल्या. पुढे त्यात भर पडत गेली. "हल्ली सगळे लांडगे बाजूने येतात. चोरासारखे. समोरून या ना, मग बघते." गाड्यांच्या गेममध्ये दुसरी गाडी अचानक उगवते म्हणाल्या. एका गेममधली दारंच सापडत नाहीत म्हणाल्या. निकाल भराभर लागायला लागले, कन्सोल झाकणावर आपटायला लागला. मी भाजी खात मान डोलवत होते. ताईंचं हे नेहमीचंच, असं कोणालाही वाटलं असतं.

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. दोघांनी मिळून खेळायचा गेम आणला होता आणि जोडीदार नव्हता. घाटकोपरला पंतनगरातली त्यांची खोली छोटी पण लख्ख. टीव्हीच्या शेजारी बुद्धाची पांढरी मूर्ती, समोर हातभर अंतरावर दोन स्टुलं. भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन आम्ही खेळायला बसलो. मला लाल टोपी घातलेली एक मुलगी मिळाली होती, त्यांना निळ्या टोपीची. दोघींनी मिळून पुलाचं फाटक उघडायचं होतं.

"ये ना," ताई म्हणाल्या. "कुठे राहिलीस?"

"आले की, ताई."

"आले काय? पुलाजवळ ये म्हटलं ना."

"पुलाजवळच आहे मी. तुमच्या डावीकडे. लाल टोपी."

त्यांनी बटणं दाबायचं थांबवलं. पडद्याकडे टक लावून पाहिलं. "नाहीस गं."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी उठले आणि टीव्हीवर बोट ठेवलं. ताईंनी मान वळवून बोटाकडे पाहिलं.

"आत्ता आलीस," त्या म्हणाल्या.

मी कुठूनही आले नव्हते. मघापासून तिथेच उड्या मारत होते. मी गेम बदलून तो कोल्ह्याचा गेम लावायला सांगितला. सुरू झाल्या झाल्या डावीकडे खालच्या कोपऱ्यात नकाशा होता. चांगला तळहाताएवढा, त्यात हिरवं जंगल आणि निळी नदी.

"ताई, हा काय आहे?"

त्यांनी पुन्हा मान वळवली. बराच वेळ पाहिलं. "हा आधी नव्हता," त्या म्हणाल्या. "अपडेट आलं असेल."

मी डोळे दाखवायचा विषय काढला आणि आमचं वाजलं. त्यांनी कपाटावरची गोळ्यांची पट्टी उचलली आणि त्यावरची सगळ्यात बारीक ओळ चष्मा न हलवता घडाघडा वाचून दाखवली. "हे वाचणारीला दिसत नाही म्हणतेस? रोज हेच करते मी. तू नाही करत."

दुसऱ्या दिवशी त्या चष्म्याच्या दुकानात जाऊन आल्या आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "नंबर तोच आहे. आता बोल."

नंबर वेगळा आणि डोळ्याचा आजार वेगळा, हे मी सांगून सांगून दमले. जेवताना सांगितलं, जिन्यात सांगितलं. हॉस्पिटलचं नाव काढून दिलं. ताई म्हणाल्या, "तू माझी सासू आहेस का? लग्न केलं नाही ते यासाठीच." मग त्यांनी माझ्याशी गेमविषयी बोलणं बंद केलं. समोर बसून मुकाट्याने खेळायच्या, मुकाट्याने हरायच्या, कन्सोल पालथा ठेवायच्या. मला इतका राग यायचा की वाटायचं, जाऊ दे, नका दाखवू डोळे. आणि दुपारी त्या प्रूफ घेऊन बसल्या की त्यांच्या मानेकडे माझं लक्ष जायचं. मान सरळ असायची, अगदी सरळ.

तुम्ही औषधाच्या खोक्यावर डाव्या कडेला उभी लाल रेघ पाहिली असेल. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध देऊ नये, अशी ती खूण. एका खोक्याची फाईल गिऱ्हाइकाकडून आली, ती त्या रेघेशिवायच आली. नमुना नेहमीसारखा ताईंकडे गेला आणि सही होऊन परत आला. मशीनवर पहिले कागद निघाले तेव्हा मशीनवाल्याच्या लक्षात आलं. पुढचं सगळं थांबलं. बाहेर काही गेलं नाही, पण मालकांनी ताईंना आत बोलावलं. फाईल मी लावली होती म्हणून मलाही.

"माझी सही झाल्यावर कोणीतरी फाईल बदललीय," ताई ठामपणे म्हणाल्या.

मालकांनी त्यांच्या सहीचा कागद टेबलावर ठेवला. त्यावर रेघ नव्हती. ताई वाद घालतील म्हणून मी तयार होते. पण त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग मान हळूच डावीकडे वळवली, पुन्हा सरळ केली, पुन्हा वळवली. दोन्ही खेपेला त्यांना काय दिसलं आणि काय दिसलं नाही, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी मी कॉम्प्युटर बंद करत होते. ताई पर्स खांद्याला लावून मागे येऊन उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी तू खरंच पुलाजवळ होतीस?"

"होते, ताई."

"उद्या सुट्टी टाक. माझ्याबरोबर चल."

हॉस्पिटलात त्यांची एक तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत एका मोठ्या पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं. नजर मधल्या दिव्यावर ठेवायची आणि आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. बटण हातात मिळाल्यावर ताई जरा खूश झाल्या. मी दाराशी खुर्चीवर बसले होते. आधी टिकटिक असा बटणाचा आवाज भराभर आला. मग तुरळक. मग बराच वेळ आलाच नाही.

बाहेर आल्या त्या कपाळाला आठ्या घालून. "भिकार गेम आहे," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला बरं चाललं होतं. नंतर नुसतं बसवून ठेवलं. काही येतच नव्हतं."

यंत्र चालवणारी मुलगी कागद गोळा करत होती. तिने वर पाहिलं नाही.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी कागद आमच्याकडे फिरवला. दोन गोल, आणि दोन्हींवर काळे डाग, डावीकडे जास्त. काचबिंदू, त्या म्हणाल्या. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून कळत नाही. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते सांभाळायचं. रोज थेंब, एकही दिवस चुकवायचा नाही.

"घरात आणखी कोणाला होतं का?"

"आईला दिसायचं कमी झालं होतं," ताई म्हणाल्या. "आम्ही म्हातारपण समजलो."

बाहेर येऊन आम्ही रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिलो. ताई समोर बघतच बोलल्या. "आईच्या हाताने पाण्याचा पेला सांडायचा. रोज. मी ओरडायचे तिला, बघून चाल म्हणून. ती म्हणायची, पेला तिथे नव्हताच. मला वाटायचं, थापा मारते." रिक्षा आली, ती त्यांनी मागच्या माणसाला दिली. "आणि दुखतही नाही गं हे. दात दुखतो, डोकं दुखतं, माणूस डॉक्टरकडे जातो. हे मेलं गुपचूप."

थेंब सुरू झाले. थेंबांनी डोळे चुरचुरायचे आणि ताई बाटलीला शिव्या घालायच्या, पण चुकवले नाहीत. मात्र त्यांनी एक वेगळंच काम हाती घेतलं. ज्या ज्या गेमना त्यांनी टाकाऊ ठरवलं होतं, ते सगळे पुन्हा खेळायला घेतले. या वेळी मान डावीकडे वळवून. मला व्हॉइस मेसेज येऊ लागले. "कोल्ह्याच्या गेमबद्दल बोलले ते मागे घेते. नकाशा आहे. नदीसुद्धा काढलीय त्यात." पुढे, "लांडगे बाजूने येतात, पण येण्याआधी झुडूप हलतं. मला दिसत नव्हतं. त्यांची चूक नाही." एकदा नुसतंच, "गाड्यांचा गेमही ठीक होता." मासेमारीचं काय, मी विचारलं. लगेच उत्तर आलं, "तो भिकारच आहे. त्यात डोळ्यांचा काही संबंध नाही."

न्याय झाला, पण खेळ परत मिळाला नाही. "मान फिरवेपर्यंत मी मेलेली असते," त्या म्हणायच्या. हळूहळू डब्याशेजारी कन्सोल दिसेनासा झाला.

मालकांनी त्यांचं प्रूफचं काम काढून घेतलं. त्यात मालकांना दोष देता येणार नाही, औषधाचं काम आहे. त्यांनी ताईंना पॅकिंगवर देखरेख करायला सांगितलं, पगार तोच. ताई म्हणाल्या, "खोकी बांधतात की नाही ते बघत मी बसणार नाही." मी खूप समजावलं. थोडे दिवस करा, मग बघू, म्हटलं. घरी एकट्या बसून काय करणार, म्हटलं. एका शब्दाने ऐकलं नाही त्यांनी. राजीनामा दिला, पंतनगरची खोली भाड्याने दिली आणि नाशिकला धाकट्या बहिणीकडे राहायचं ठरवलं. मला त्यांचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. आता त्यांच्या जागी एक चुणचुणीत मुलगा प्रूफ बघतो. काम चोख करतो, डबा कानात हेडफोन घालून खातो. नाशिकहून कधीतरी ताईंचा मेसेज येतो. बहिणीचं अंगण, थंडी, थेंबांची महागाई. गेमविषयी त्या बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या कामाच्या शेवटच्या दिवशी. सगळ्यांनी दिलेला पुष्पगुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन आम्ही दोघी साकीनाक्याच्या फुटपाथवरून निघालो. सुटायची वेळ, सगळे गाळे एकदम रस्त्यावर आलेले. त्यांना धक्का लागू नये म्हणून मी त्यांच्या डाव्या बाजूने चालू लागले.

"त्या बाजूला नको चालूस," ताई म्हणाल्या. "मला एकटीच चालल्यासारखं वाटतं."

मी उजवीकडे आले. डावी बाजू मोकळी पडली आणि माणसं त्यांच्यावर आदळायला लागली. एक पार्सलवाला, एक कॉलेजची मुलगी, पाठीवर बॅग लावलेला एक साहेब. ताईंनी प्रत्येकाला थांबवून खडसावलं, "दिसत नाही का?" आणि प्रत्येक जण मान खाली घालून सॉरी मॅडम म्हणाला. माझी बस आली. मी चढले, खिडकीशी उभी राहिले. पुष्पगुच्छ छातीशी धरून त्या गर्दीत शिरल्या होत्या आणि दिसेनाशा झाल्या. बस सिग्नलला थांबली होती तोवर त्यांचा आवाज मात्र ऐकू येत होता.